लेकीचं दूरचं कॉलेज: निधी मोडायचा, कर्ज काढायचं की पगारातून भागवायचं?

प्रश्न: मुलीला घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. शिकवणीची फी शिष्यवृत्तीतून भागेल. होस्टेल, मेस, जाणं-येणं आणि वरखर्च चार वर्षं आम्हाला करायचा आहे. पतींचं म्हणणं, निवृत्तीसाठी साठवलेल्या निधीतून चारही वर्षांची रक्कम एकदम काढून बाजूला ठेवू, म्हणजे दरमहा ओढाताण नको. मला वाटतं, मुलीच्या नावावर शैक्षणिक कर्ज घ्यावं. दर 10 टक्के सांगितला आहे. आम्हा दोघांचा हातात येणारा पगार 100 धरला, तर घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून 70 जातात, निवृत्तीसाठी 15, साडेआठ टक्क्यांच्या गृहकर्जाच्या जादा परतफेडीत 10 आणि किरकोळ बचतीत 5. मुलीचा खर्च महिना सरासरी 28 येईल: होस्टेल-मेस 17, प्रवास 5, बाकी 6. निवृत्तीला 14 वर्षं आहेत. धाकटा मुलगा 14 वर्षांचा आहे. मुलीने वर्षातून किती वेळा घरी यावं यावरही आमचं एकमत नाही. पती म्हणतात, दोनदा पुरे; मला ते कमी वाटतं. आणि तिने तिथे काम करून थोडं कमवावं का?

उत्तर:

ताई, आकडे पगाराच्या शंभर भागांत मांडून पाठवलेत हे फार बरं केलंत. मीही त्याच मापात बोलते.

आधी निधीबद्दल. महिना 28 प्रमाणे 48 महिन्यांचे 1344 होतात, म्हणजे साडेतेरा महिन्यांचा अख्खा पगार. तो आज निधीतून काढला आणि निधीवर वर्षाला 8 टक्के परतावा धरला, तर 14 वर्षांनी तीच रक्कम जवळपास 2.9 पट झाली असती. वर्षाची महागाई 5 टक्के धरून वजा केली, तरी आजच्या मोलाने वीस महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी तुमच्या म्हातारपणातून कमी होते. शिवाय मुदतीआधी पैसे काढल्यावर कर किंवा दंड लागतो का, हे त्या योजनेच्या नियमांवर आहे; ते नियम वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करू नका.

यावर तुमचे पती म्हणतील, निधी मोडला तरी महिन्याची 30 ची बचत अबाधित राहते, तिच्यातून निधी पुन्हा भरून काढू. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण त्यासाठी सलग चार वर्षं दर महिन्याला ते पैसे आपणहून निधीत परत टाकावे लागतात, आणि त्या काळात घरातलं दुसरं कुठलंही काम त्या पैशांकडे बोट दाखवणार नाही असं धरून चालावं लागतं. मोडलेला निधी पुन्हा उभा करणारी कुटुंबं मला फार थोडी भेटली आहेत. तुमच्या पतींच्या मनातली काळजी मात्र मला पटते. होस्टेलच्या फीची तारीख जवळ आली आणि खात्यात पैसे नाहीत, ही वेळ त्यांना लेकीवर येऊ द्यायची नाही. त्या काळजीला याहून स्वस्त उत्तर आहे, ते पुढे सांगते.

खर्चाचा स्वभाव बघा. हा डोंगर नाही, दर महिन्याला येणारा खर्च आहे, आणि असा खर्च शक्य तितका दर महिन्याच्या पगारातूनच भागवावा. मुलगी गेली की घरचा खर्चही थोडा कमी होतो: तिचं जेवणखाण, क्लास, रोजचं येणं-जाणं. हे तुम्ही हिशेबात धरलेलं नाही. 70 पैकी 6 वाचतील असं मी धरते. पहिले तीन महिने खर्च लिहून ठेवा आणि खरा आकडा काढा. म्हणजे निव्वळ गरज 22 ची. गृहकर्जाची जादा परतफेड थांबवली की 10 मोकळे होतात, किरकोळ बचतीचे 5. उरली तूट 7.

गृहकर्ज लवकर फिटावं ही तुमची इच्छा मी समजू शकते, पण साडेआठ टक्क्यांचं कर्ज घाईने फेडत असताना दुसरीकडे दहा टक्क्यांनी नवीन कर्ज काढण्यात अर्थ नाही. जादा परतफेड आधी थांबवा. नियमित हप्ता चालूच राहणार आहे.

महिना 7 ची तूट म्हणजे चार वर्षांत 336, साडेतीन महिन्यांच्या पगाराहूनही कमी. साडेतेरा महिन्यांचा प्रश्न एवढ्यावर आला. निव्वळ गणित केलं तर ही तूट निवृत्तीच्या 15 मधून काढणं कर्जापेक्षा थोडं स्वस्त पडतं, कारण तिथला अपेक्षित परतावा 8 टक्के आणि कर्जाचं व्याज 10. तरीही मी ते सुचवत नाही, आणि त्याचं कारण तुमचा धाकटा. मुलीचं कॉलेज संपेल त्याच वर्षी त्याचं सुरू होईल. निवृत्तीचे 15 एकदा 8 वर आले की ते चार नव्हे, आठ वर्षं 8 वरच राहतील, आणि तुमच्या हातात आहेतच 14. कर्जाचं तसं नसतं, त्याला शेवटचा हप्ता असतो.

तेव्हा कर्ज घ्या, पण फक्त तुटीपुरतं, आणि एकदम उचलू नका. 336 पहिल्याच दिवशी उचलले, तर 10 टक्के सरळ व्याजाने चार वर्षांत त्यावर 134 चढतात. तेच दर सहामाहीला 42 प्रमाणे आठ वेळा उचलले, तर व्याज 76 च्या आत राहतं. हे बँकेला आधीच विचारून ठेवा: रक्कम टप्प्याटप्प्याने मिळेल का, उचललेल्या रकमेवरच व्याज लागेल ना, आणि शिक्षण चालू असताना नुसतं व्याज भरायची सोय आहे का. असेल तर ते व्याज तुम्ही भरत जा. पहिल्या वर्षी ते अगदी किरकोळ असतं आणि चौथ्या वर्षीही महिन्याला तीनच्या आत राहतं. मग कॉलेज संपताना मुलीपुढे 336 एवढीच मुद्दल असेल. पाच वर्षांत फेडायची म्हटली तर हप्ता सात-सव्वासातचा, म्हणजे तुम्हा दोघांच्या आजच्या पगाराच्या सात टक्क्यांचा. आणखी एक: कर्ज तिच्या नावावर असलं तरी सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा आईवडिलांचीच सही लागते. तिने हप्ता चुकवला तर बँक तुमच्याच दारात येणार.

आता प्रवास, जिथे तुमचं एकमत नाही. इथे मी बरीचशी तुमच्या बाजूची आहे, ताई. पहिल्या वर्षी दोनदा पुरे नाही. अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहते तेव्हा पहिली सहामाही सगळ्यांत कठीण जाते, आणि त्या काळात घरी येणं हा चैनीचा खर्च नाही. पहिली फेरी सात-आठ आठवड्यांत होऊ द्या, वर्षात एकूण चार धरा. दुसऱ्या वर्षापासून तिचं तीच ठरवेल आणि फेऱ्या बहुधा आपोआप कमी होतील. मधल्या लहान सुट्ट्यांबद्दल मात्र पतींचं बरोबर आहे. चार दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस प्रवासात जात असतील, तर ती न आलेली बरी. त्याऐवजी तुमच्यापैकी एकाने तिकडे जाऊन यावं.

प्रवासाचे पैसे फेऱ्या कापून फारसे वाचत नाहीत, तारखा सांभाळून वाचतात. कॉलेजचं वार्षिक वेळापत्रक हातात आलं की त्याच आठवड्यात बसा. सत्र सुरू होण्याची तारीख सहसा हलत नाही, म्हणून कॉलेजला जायचं तिकीट स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं घेतलं तरी चालतं. परीक्षा पुढेमागे होतात. म्हणून घरी यायचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. लोक नेमकं उलटं करतात आणि परीक्षा दोन दिवस लांबली की दुप्पट भरतात. तिकिटांची तुलना करताना स्टेशनपर्यंतची किंवा विमानतळापर्यंतची गाडी, सामानाचे जादा पैसे आणि वाटेतलं खाणंपिणंही धरा. विमान आणि रेल्वेतलं अंतर मग बरंच कमी होतं, कधी वाढतंही. गादी, बादली, टेबल-दिवा इथून नेऊ नका. शेवटच्या वर्षाची मुलं जाताना हे सगळं निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकतात.

होस्टेलचे 17 वर्षाचे बारा महिने धरलेत की दहा? सुट्टीत होस्टेल बंद असेल आणि मेसचे पैसे लागत नसतील, तर तुमचा 28 चा आकडाच खाली येईल. ती बाहेर खोली घेऊन राहणार असेल, तर भाडं बारा महिन्यांचं धरा. पहिल्या महिन्यात अनामत रक्कम, मेसचा आगाऊ भरणा आणि खरेदी मिळून खर्च बराच जास्त होईल. त्यावरून तिला उधळी ठरवू नका.

आता पतींच्या काळजीवरचं उत्तर. तिच्या नावाच्या वेगळ्या खात्यात ऐनवेळच्या पूर्ण दराच्या परतीच्या तिकिटाएवढी रक्कम, अधिक तुमच्यापैकी एकाला तिकडे आठवडाभर राहता येईल एवढे पैसे ठेवा. हे पैसे वापरायला तिला कुणाला विचारावं लागू नये. आजारपण, भीती, काहीही असो. आधी निघायचं, कारण नंतर सांगायचं. तुमच्या क्रेडिट कार्डावर तिला जोडकार्ड देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्या कार्डाची थकबाकी तुमच्याच नावावर असते, आणि महिन्याला 3 टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे विमा. खर्च पगारातून करायचा तर पगार 48 महिने चालू राहायला हवा. तुम्हा दोघांचा मुदतीचा विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा) किती आहे ते पत्रात नाही. मुलीचे 1344, तेवढेच मुलाचे आणि गृहकर्जाची बाकी, एवढं तरी त्यातून निघायला हवं. घरच्या आरोग्यविम्यात मुलगी कोणत्या वयापर्यंत धरली जाते आणि त्या शहरातल्या रुग्णालयांत तो चालतो का, हेही बघून घ्या. एखादी फी ऐनवेळी अडली तर सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आकस्मिक रक्कम हाताशी हवी. ती नसेल तर गृहकर्जाच्या जादा परतफेडीचे थांबवलेले पैसे कॉलेज सुरू होईपर्यंत या रकमेसाठी साठवा.

तिने काम करून थोडं कमवावं का, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे. पहिल्या वर्षी नको. पुढे आठवड्यातले काही तास तिला जमले तर तेवढंच कर्ज कमी उचला.

राहिला कर्ज कोण फेडणार हा प्रश्न. माझं मत, मुद्दल तिने फेडावी आणि धाकट्याच्या वेळीही हाच नियम असावा, नाहीतर दोघांत कायमची तुलना राहील. पण हे तिच्या परस्पर ठरवू नका. वरचे सगळे आकडे तिच्यासमोर ठेवा, जवळच्या कॉलेजचा खर्चही त्यांच्या शेजारी मांडा, आणि तिला काय वाटतं ते ऐका. ही बोलणी प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी करा. पैसे भरल्यावर तिला ‘नको’ म्हणायला जागा राहत नाही.