पब्लिक आयपी नसलेला कुबरनेटिस क्लस्टर गिटलॅबला कसा जोडायचा?

कुबरनेटिस क्लस्टर (कंटेनरमधली ॲप्स चालवणाऱ्या मशीनचा गट) सातपूरच्या ऑफिसात, पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा पत्ता) नाही, मग गिटलॅब (कोड साठवून तो सर्व्हरवर चढवणारी सेवा) तिथवर पोहोचणार कसं, असं तुम्ही विचारलंय. पोहोचायची गरजच नाही! क्लस्टरचं सर्टिफिकेट गिटलॅबला देऊन जोडायची जुनी पद्धत २०२१ मध्ये गिटलॅबच्या १४.५ आवृत्तीतच कालबाह्य ठरवली, तिच्या नादी लागू नका. एजंट वापरा, म्हणजे क्लस्टरच्या आत चालणारा गिटलॅबचा छोटा प्रोग्रॅम. गिटलॅबमध्ये त्याची नोंद करा, टोकन, म्हणजे एजंटची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, लगेच जपून ठेवा (एकदाच दिसतं) आणि मिळालेली हेल्म (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) कमांड क्लस्टरवर चालवा. एजंट आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. बाहेर जाणारं ४४३ पुरतं. अंबडच्या एका कारखान्यात माझी पाइपलाइन (कोड तपासून क्लस्टरवर चढवणाऱ्या जॉबची साखळी) तरीही अडली, कारण कोड एजंटच्या नव्हे, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये होता. एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या प्रोजेक्टला परवानगी दिली, जॉबमध्ये कॉन्टेक्स्ट (कोणत्या एजंटमार्फत क्लस्टरशी बोलायचं ते) निवडला, आणि डिप्लॉय झालं.