टाचांना भेगा पडल्यात, घरच्या घरी पेडिक्युअर कसं करावं?

पार्लरची गरज नाही. रात्री भांडी आवरली की टबात कोमट पाणी घ्या, थोडा शाम्पू टाका आणि 10-15 मिनिटं पाय बुडवून बसा. मग वजरीने टाचा हलक्या हाताने घासा. एकाच दिवशी सगळी कातडी काढायचा हट्ट नको, रक्त येतं (अनुभवाचे बोल!). बोटांमधल्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर चिखल्या होतात. खरं काम कोकमतेल करतं. कोकणात त्याला मुठेल म्हणतात, मुठीने वळलेला कडक गोळा असतो. पळीत जरासा वितळवून, कोमट झाला की भेगांत भरायचा, वर जुने सुती मोजे. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. मधुमेह असेल तर मात्र घासाघाशी न करता आधी डॉक्टरांना पाय दाखवा.