‘हे खरे नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. माझ्या आईचं घरकुल मंजूर झालं. जोतं भरून आठ महिने झाले, पुढचा हप्ता अजून आलेला नाही. मागच्या पावसाळ्यात जुनं धाब्याचं घर बसलं, तेव्हापासून आई काकांच्या ओसरीत राहते. दवाखान्याचीही तीच गत. आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून एखाद्या दिवशी दिसतात. आम्ही आमदारांना सांगितलं, त्यांनी दोन्ही गोष्टी मिळून विधानसभेत एक प्रश्न टाकला. छापील उत्तर आलं, ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ आई रोज विचारते, ‘मना घरकुलनं काय व्हयनं रे भाऊ?’ मंत्री सभागृहात खोटं बोलू शकतात का? आता आम्ही जायचं कुठे?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर मंत्र्यांच्या नावाने जातं आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर आमदार हक्कभंगाची सूचना देऊ शकतात. पण ‘हे खरे नाही’ ही ओळ बहुतेक वेळा माझ्यासारख्याच कुणीतरी, एखाद्या जिल्हा परिषदेच्या टेबलावर बसून लिहिलेली असते.

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली, त्यातली ११ आरोग्य विभागात. अधिवेशन जवळ आलं की कागद सुरू व्हायचे. मंत्रालयातल्या विभागाकडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तिथून आमच्याकडे. वर लाल शाईत ‘विधानसभा तारांकित प्रश्न, अतितातडीचे’ (तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आणि खाली ‘आज दुपारी ४ पर्यंत माहिती सादर करावी’. दुपारी ४ पर्यंत कुणी गावाला जाऊन येत नाही. फोन होतात, जुनी फाइल उघडली जाते, आणि प्रश्नातलं वाक्य फाइलीशी ताडून पाहिलं जातं. वाक्य जसंच्या तसं जुळलं तर ‘हे खरे आहे’, थोडं जुळलं तर ‘हे अंशतः खरे आहे’, एक शब्द चुकला तर ‘हे खरे नाही’.

एकदा असाच प्रश्न आला होता. ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद गेल्या वर्षभरापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय?’ मी आस्थापनेची नोंद पाहिली. पद भरलेलं होतं, पगार निघत होता. मी लिहिलं, ‘हे खरे नाही.’ पुढचे तीनही भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’मध्ये गेले. साहेबांनी सही केली, कागद मुंबईला गेला.

दोनेक महिन्यांनी पोलिओच्या मोहिमेसाठी त्याच केंद्रावर जाणं झालं. हजेरीपट समोरच पडला होता, म्हणून उघडला. डॉक्टरांच्या सह्या महिनाभर एका शाईत, एका ओळीत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. शेजारच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत मात्र सगळीकडे औषधं देणाऱ्या भाऊंचं अक्षर. कोण कधी, कशासाठी बाहेर गेलं हे लिहायचं हालचाल रजिस्टर कोरं. बाहेर निंबाखाली पाड्यावरची एक बाई तापाचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. ती सलग तिसऱ्या दिवशी चालत आली होती. पद रिक्त नव्हतं, डॉक्टर गैरहजर होते. माझी ओळ नोंदीप्रमाणे बरोबर होती आणि त्या बाईचा प्रश्न माझ्या त्या ओळीनेच बंद केला होता. ते मला आजही सलतं, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या आमदारांची तळमळ खरी असेल, पण प्रश्न दोन ठिकाणी घसरला. पहिलं म्हणजे घर आणि दवाखाना एकाच प्रश्नात. ग्रामीण घरकुल ग्रामविकास विभागाकडे, आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. एका प्रश्नाला उत्तर देणारा विभाग एकच, दुसरी बाजू आपोआप बारीक होते. पुष्कळ जण ‘घर’ म्हटलं की गृहनिर्माण मंत्र्यांना विचारतात, पण त्या खात्याकडे म्हाडा आणि शहरातली घरं. आईंचं घरकुल शबरी योजनेतलं असेल तर आदिवासी विकास, रमाईतलं असेल तर सामाजिक न्याय. दवाखान्यांचंही तसंच. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांबद्दल विचारायचं तर वैद्यकीय शिक्षण विभागाला विचारावं लागतं. तेव्हा आधी मंजुरीचा आदेश काढा आणि योजनेचं नाव वाचा.

दुसरी घसरण शब्दांत आहे. ‘लाभार्थ्याला पैसे मिळाले नाहीत’ असं लिहिलं की कारकून पहिल्या हप्त्याची तारीख काढतो आणि वाक्य खोटं ठरतं. म्हणून हप्ता कसा निघतो ते आधी समजून घ्या. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ला सुरू झाली. तिच्यात सपाट भागासाठी १,२०,००० आणि डोंगराळ भागासाठी १,३०,००० रुपये आहेत. रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं. हप्ता टप्प्यावर निघतो. जोतं झालं की त्याचा जागेसकट फोटो मोबाइलवरून चढवायचा, मग एफटीओ, म्हणजे पैसे वर्ग करण्याचा आदेश, मग बँक. अडकतं ते या तीनपैकी एका ठिकाणी. फोटो चढलेलाच नसतो, किंवा आदेश निघून परत आलेला असतो कारण खातं आधारला जोडलेलं नसतं. पंचायत समितीत घरकुलाच्या इंजिनिअरकडे आईंचा ‘एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक द्या आणि आवाससॉफ्टवर, म्हणजे घरकुलांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीवर, जोत्याचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते आपल्या डोळ्यांनी बघा. अर्ध्या प्रकरणांचा उलगडा तिथेच होतो, विधानसभेपर्यंत जावंच लागत नाही.

तरीही सुटलं नाही तर आमदारांना नवा मजकूर द्या. तोंडी सांगू नका, एक पान लिहून द्या. मी असा लिहिला असता : ‘अमुक तालुक्यात, पहिला हप्ता मिळून जोत्यापर्यंत बांधकाम झालेली, परंतु त्यानंतर सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ पुढील हप्ता न मिळालेली घरकुले किती, त्यापैकी जोत्याचा फोटो नोंदवलेली किती, एफटीओ परत आलेली किती, व ती कोणत्या कारणाने?’ यावर ‘हे खरे नाही’ लिहिताच येत नाही, आकडा द्यावा लागतो. तुमच्या एका घरासाठी प्रश्न टाकला तर उत्तर एका ओळीत येतं, तालुक्याचा आकडा मागितला की गटविकास अधिकाऱ्यांना प्रत्येक ग्रामपंचायतीची यादी काढावी लागते, आणि त्या यादीत तुमच्या आई येतात.

दवाखान्याचं असं विचारा : ‘मंजूर वैद्यकीय अधिकारी किती, प्रत्यक्ष कार्यरत किती, त्यांपैकी अन्यत्र प्रतिनियुक्तीवर किती, आणि अमुक महिन्यात बाह्यरुग्ण तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः किती दिवस केली?’ प्रतिनियुक्ती हा शब्द सोडू नका. पगार एका केंद्रावर आणि माणूस दुसरीकडे, हे फार ठिकाणी असतं, आणि कधीकधी त्यात डॉक्टरांचा काहीच दोष नसतो. तीन केंद्रांचा भार एकावर टाकलेला असतो.

प्रश्नात ‘भ्रष्ट’, ‘निर्लज्ज’ असे शब्द नकोत. आरोप, अनुमान, टोमणा असलेला प्रश्न नियमात बसत नाही, सचिवालयातच कापला जातो. जळगावकरांना घरकुल म्हटलं की महापालिकेच्या घरकुल घोटाळ्याचं ते जुनं प्रकरण आठवतंच. २००६ला तेव्हाच्या आयुक्तांनी फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. ती फिर्याद विशेषणांवर उभी नव्हती, कागदांवर उभी होती.

कागद तुम्हीही मिळवू शकता. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्या महिन्याचा हजेरीपट, हालचाल रजिस्टर आणि बाह्यरुग्ण नोंदवहीच्या प्रती मागा. रुग्णांची नावं झाकून द्या असं अर्जातच लिहा. ३० दिवसांत मिळायला हवं. तिन्ही शेजारी ठेवून बघा, मग आमदारांकडे जा.

घरकुलात केंद्राचाही पैसा आहे, म्हणून खासदारांनाही विसरू नका. लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न फक्त २०, पण अतारांकित २३०पर्यंत घेतात. अतारांकित म्हणजे दुय्यम असं समजू नका. त्यावर सभागृहात बोलणं होत नाही, पण आकडे लेखी आणि रेकॉर्डवर येतात. तुमचं काम आकड्यांचं आहे.

प्रश्न : धडगाव भागात पेशंटला झोळीतून आणावं लागतं. आमच्याकडच्या रस्त्यावर विधानसभेत लक्षवेधी सूचना लागली, मंत्री ‘करू’ म्हणाले. वर्ष झालं. आता?
— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : त्या दिवसाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत आमदारांकडून मागून घ्या आणि मंत्र्यांचे नेमके शब्द वाचा. ‘करू’, ‘करण्यात येईल’ असे शब्द असतील तर ते आश्वासन ठरतं, आणि ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. वृत्तांताचं पान आणि रस्ता आज जिथे संपतो तिथला तारखेसह फोटो, एवढं आमदारांमार्फत समितीकडे द्या. १०८ची गाडी त्या ठिकाणापासून पुढे येत नाही, तिथून पाड्यापर्यंत किती किलोमीटर झोळी चालते, तेही लिहा.