वाचकांचे प्रश्न : बायोडिझेलच्या तळाशी उरणारे ग्लिसरीन

प्रश्न : इंदूरच्या नमकीनवाल्यांकडून तळणीचे वापरलेले तेल घेऊन आम्ही बायोडिझेल बनवतो. तळाशी उरणारे काळपट ग्लिसरीन मातीमोल भावाने जाते. उत्प्रेरक वापरून त्यापासून अधिक मोलाची रसायने बनतात, असे ऐकले. आम्हाला ते जमेल का?
— एक लघुउद्योजक, इंदूर

उत्तर : शंभर किलो तेलामागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन निघते, त्यामुळे आपली चिंता रास्त आहे. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बन असून प्रत्येकावर एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी) असतो. त्यांपैकी नेमका एक काढणे, हीच उत्प्रेरकाची कसोटी. तांबेयुक्त उत्प्रेरकावर, सुमारे 200 अंश सेल्सिअसला आणि हायड्रोजनच्या दाबाखाली, रेणूतून आधी पाणी निघून असिटॉल हे मधल्या टप्प्याचे रसायन तयार होते आणि त्याला हायड्रोजन मिळून प्रॉपिलीन ग्लायकॉल बनते, जे रेझिनमध्ये आणि इंजिनाच्या शीतकद्रवात वापरले जाते. रुथेनियम हा धातू उत्प्रेरक म्हणून अधिक जोमदार असला तरी तो कार्बनची साखळीच तोडते. तांबे ती सहसा शाबूत ठेवते, आणि या रसायनातील सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. 92 किलो शुद्ध ग्लिसरीनपासून हिशेबाने जास्तीत जास्त 76 किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळू शकते. आम्लधर्मी उत्प्रेरकाने ॲक्रोलीनही बनते, परंतु ते अतिशय विषारी असते आणि उत्प्रेरकावर लवकर कोळसा साचतो. त्या वाटेला आपण जाऊ नये.

खरी अडचण त्याआधीची आहे. वारंवार तापलेल्या तेलात मुक्त स्निग्धाम्ले वाढलेली असतात, ती बायोडिझेल बनवताना घातलेल्या अल्कलीशी मिळून साबण बनतात, आणि हा साबण, उरलेले मिथेनॉल व क्षार ग्लिसरीनमध्येच उतरतात. अल्कलीमुळे आम्लधर्मी उत्प्रेरक निकामी होतो, तर गंधक आणि क्लोराइड तांब्याला मारतात. म्हणून मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढून पुन्हा वापरावे आणि मग ग्लिसरीनमध्ये बेताने फॉस्फोरिक आम्ल घालावे. साबण फुटून स्निग्धाम्ले वर तरंगतात, क्षार तळाशी बसतात आणि मधला थर ग्लिसरीनचा राहतो. आपण अल्कली म्हणून कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरत असाल, तर तळाचा पोटॅशियम फॉस्फेट खत म्हणूनही उपयोगी पडतो. हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त पडते खरे, पण त्याचे क्लोराइड मागे राहते.

दाबाखालचा हायड्रोजन हाताळणे लहान कारखान्याला झेपणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण वरच्या प्राथमिक शुद्धीकरणापर्यंतच थांबून माल पुढचे शुद्धीकरण करणाऱ्या मोठ्या कारखान्याला विकावा. मात्र प्रत्येक खेपेचा नमुना जाळून उरलेल्या राखेचे, म्हणजे मागे राहिलेल्या क्षारांचे, वजन नोंदवावे, कारण पाणी आणि मिथेनॉलच्या प्रमाणाबरोबर राखेवरही भाव ठरतो.