आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातले वास्तववाद, उदारमतवाद आणि रचनावाद यांत नेमका फरक काय?

एम.ए.च्या परीक्षेसाठी विचारताय, तर व्याख्या पाठ करण्याआधी मुंबई बंदराकडे बघा.

वास्तववाद्याला आधी नौदलाच्या युद्धनौका दिसतील. देशांच्या वर कोणी पोलीस नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं बळ जमवावंच लागतं. वास्तववादी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये हेच सूत्रबद्ध मांडलं. उदारमतवादी न्हावा-शेव्याचे कंटेनर दाखवेल: व्यापार आणि संस्था वाढल्या की युद्ध महाग पडतं.

रचनावाद मात्र विद्यार्थी उगाच दोन ओळींत उरकतात. १९७१ मध्ये अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली, तेव्हा भारताने ती धमकी मानली. १९९२ मध्ये त्याच नौदलासोबत ‘मलबार’ हा संयुक्त नौदल सराव सुरू झाला, आणि आता अमेरिकी युद्धनौका मुंबईत पाहुण्या म्हणून येतात. नौदल तेच, अर्थ बदलला. शत्रू की मित्र हे परस्परव्यवहारातून घडतं, असं रचनावादी अभ्यासक अलेक्झांडर वेंट म्हणतात.

वास्तववादी म्हणेल, बदललं ते चीनचं बळ, म्हणून भारत आणि अमेरिका जवळ आले. हा आक्षेप वजनदार आहे, मला बराचसा पटतोही. पण ब्रिटनच्या अण्वस्त्रांची आपल्याला भीती का वाटत नाही, याचं त्याचं उत्तर कच्चं आहे. पेपरात हा वाद जरूर लिहा.