वरणफळांचा लगदा का होतो? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत, दमून घरी आल्यावर पटकन होईल आणि खाऊन जीवाला बरं वाटेल असं काय करू, आणि करायला गेलं तर बिघडतं का. त्यातले चार घेतेय. माझं मत आधीच सांगते, असल्या खाण्याला सामान फार लागत नाही, पण प्रत्येक पदार्थाची एक खोड असते, ती सांभाळली की बाकी थोडं मागंपुढं झालं तरी चालतं.

प्रश्न : ताई, मी मूळची रत्नागिरीची, लग्न होऊन लातूरला आलेय. घरात सगळ्यांना वरणफळं फार आवडतात. सासूबाई करतात तेव्हा फळं सुटी आणि मऊ, मी केली की अर्धी विरघळतात, अर्धी आतून कच्ची, आणि पातेल्यात नुसता लगदा. कुठं बिघडतंय?

अगं, आधी कणीक बघ. पोळीसारखी सैल मळत असशील तर तिथंच निम्मं काम बिघडलं. फळांची कणीक पुरीएवढी घट्ट पाहिजे, त्यात हळद, तिखट, मीठ, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल, आणि मळल्या मळल्या लाटायला घेऊ नको, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेव. लाटायची ती नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित जाड, फार जाड ठेवली की आत कच्ची राहते. शंकरपाळ्यासारखे काप पाडले की एकावर एक रचू नको, ताटात मोकळे पसरून ठेव, वरून जरा सुकले तर चांगलंच.

मग वरण. एक वाटी तुरीच्या डाळीला दीड वाटी कणीक पुरे झाली, आणि शिजलेली डाळ घोटून त्यात पाच-सहा वाट्या गरम पाणी घाल. बघून वाटेल की हे तर पाणीच झालं, पण फळं भरपूर पाणी पितात आणि ताटात वाढेपर्यंत ते पुन्हा आळतं, म्हणून आत्ता हात आखडू नको. फोडणीला मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण, लसूण भरपूर, वरून काळं तिखट, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. घरात करडईचं तेल असेल तर तेच वापर, त्या वासाशिवाय मला तरी वरणफळं अपुरी वाटतात.

आता खरी खोड. वरण खळखळ उकळत असतानाच फळं एकेक करून सोडायची, पाच-सहा पडली की थांबायचं, उकळी परत येऊ द्यायची, मग पुढची. ताट उपडं करून सगळी एकदम ओतली की उकळी बसते, न उकळणाऱ्या पाण्यात कणकेचं पीठ सुटतं, फळं एकमेकांना चिकटतात आणि तुझा लगदा होतो तो इथंच. उकळत्या वरणात पडलं की वरचा थर लगेच शिजून घट्ट होतो म्हणून ते सुटं राहतं. पहिली दोन मिनिटं पळी घालायचीच नाही, नंतर तळाला लागू नये एवढ्यापुरतं हलक्या हातानं फिरवायचं. दहा-बारा मिनिटांनी एक फळ काढून मधोमध मोडून बघ, आत पांढरी रेघ दिसली तर अजून दोन-तीन मिनिटं, रेघ गेली की गॅस बंद. वाढताना तूप आणि कोथिंबीर.

आणि तू तर लातूरला आहेस, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, तिन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तिन्ही तुमच्याच जिल्ह्यातली! मिळाली तर एकदा त्यांचीच वरणफळं कर आणि सासूबाईंना आधी वाढ.

प्रश्न : मी परभणीचा, पुण्यात शिकतो. रूमवर एक इंडक्शन, एक कढई, फ्रिज नाही. मेसचं खाऊन कंटाळा आलाय, घरच्यासारखं काही जमेल का?

परभणीचा आहेस आणि सुशीला, आपले भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे, विसरलास का बाळा! चुरमुरे, शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, डाळवं (भाजकी चणाडाळ), यातलं काहीच फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही. आधी फोडणी करून घे, तेलात मोहरी-जिरं, मग शेंगदाणे चांगले लाल होईपर्यंत, मग मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मगच चुरमुरे पाण्यात बुडव, आणि लगेच दोन्ही हातांनी दाबून पिळून काढ, ही याची खोड. आधीच भिजवून ठेवले आणि मग कांदा चिरत बसलास तर ते बोळ्यासारखे होतात आणि मग काही केलं तरी मोकळे होत नाहीत. पिळलेले चुरमुरे कढईत घालून मीठ, चिमूटभर साखर आणि डाळव्याची जाडसर पूड दोन चमचे, ही पूड राहिलेलं पाणी ओढून घेते. मीठ बेतानं टाक कारण काही चुरमुरे मुळातच खारट असतात, एक दाणा तोंडात टाकून बघायचा. एक वाफ आली की लिंबू पिळून गरम गरम खा. मित्रांना पण दे, त्यांना पोहे माहीत असतात, हे बहुतेकांना नवीन असतं.

प्रश्न : वडील नुकतेच तापातून उठलेत, दात नाहीत, तोंडाला चव नाही म्हणतात. खिचडी नको झालीय त्यांना. (बीड)

ज्वारीच्या कण्या करा. ज्वारी जाडसर भरडून पीठ चाळून काढायचं, राहतात त्या कण्या, गिरणीवाला पण काढून देतो. रात्री भिजत घाला, सकाळी वाटीभर कण्यांना पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर, अधूनमधून हलवत, बोटानं दाबलं तर सहज चेंगरेल इतक्या मऊ शिजवा. घाई इथं चालत नाही, अर्धवट कणी म्हाताऱ्या माणसाला त्रास देते. कोमट झाल्या की ताजं गोड ताक घाला, गरम असताना घातलं तर ताक फुटतं. वर जिऱ्याची पूड, आणि त्यांना आवडत असेल तर तूप-लसणाची छोटी फोडणी. मिठाचं किंवा आणखी कसलं पथ्य सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच द्या, आणि जेवण जातच नसेल तर परत दाखवून आणा.

प्रश्न : भाकरी थापतानाच कडा चिरतात, उचलली की मोडते. पाणी कमी पडतंय का? (नांदेड)

पाणी नाही, बहुतेक पीठ जुनं झालंय. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा. आठवड्यापुरतंच दळून आणत जा. हातात आहे ते पीठ टाकू नका, एका भाकरीपुरतं पीठ परातीत घेऊन मधे खळगा करा, त्यात उकळतं पाणी ओता, चमच्यानं कालवून पाच मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळा, गोळा दाबल्यावर कड चिरली नाही की थापायला घ्या. तरीही मोडलीच तर त्या पिठात कांदा, तीळ, तिखट, थोडं बेसन आणि कणीक घालून ओल्या फडक्यावर धपाटे थापा, दह्यासोबत घरात एकही उरणार नाही.