वरच्या अंगाला कारखान्याचा तलाव होतोय? आधी विहीर मोजा

प्रश्न: आमच्या शिवाराच्या वर शेतीचा झोन बदलून औद्योगिक करायचा प्रस्ताव आहे. तिथे कारखाना पाण्याचा साठवण तलाव बांधणार म्हणतात. जाहीर सूचना पेपरात आली. खाली आमचा ऊस, हरभरा आणि दोन विहिरी आहेत. पर्यावरण खाते बघेलच ना?

उत्तर: त्या भरवशावर राहू नका. पेपरातली सूचना झोन बदलाची आहे. तो फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली होतो आणि हरकती नगररचना विभागाकडे जातात. पर्यावरणाची जनसुनावणी वेगळी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, तीही प्रकल्प केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेच्या कक्षेत येत असेल तर. नुसत्या तलावासाठी ती होईलच असे नाही. तेव्हा हातातली मुदत सोडू नका.

हरकतीत ‘शेतीचे नुकसान होईल’ एवढेच लिहिले तर कागद फायलीत जाऊन पडतो. गट नंबर, विहिरीचे तलावाच्या बांधापासूनचे अंतर, जमिनीचा उतार लिहा, सातबारा जोडा. तलावात साधे पाणी राहणार की सांडपाणी, हे लेखी मागा. तळाला अस्तर, बांधाच्या पायथ्याशी पाझर चर आणि खालच्या बाजूला निरीक्षण विहिरी यांची अट घालायला सांगा. सांडवा कोणत्या ओढ्यात सोडणार तेही विचारा. आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

काळी जमीन पाणी धरते, पाझर होणार नाही, असे सांगणारे भेटतील. वर काळी असली तरी खाली मुरूम असतो. खोदाई मुरमाला लागली की पाणी आडवे चालते आणि खालच्या रानात निघते. भूजल दोन मीटरच्या आत आले की क्षार वर चढतात, जमीन चिबडते, म्हणजे पाणथळ होते. हरभरा आधी बसतो, ऊस थोडा उशिरा.

नंतर भांडायचे तर आजची नोंद हवी. पंप रात्रभर बंद ठेवा. सकाळी दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. ज्या दगडावरून मोजले त्याला रंगाचा ठिपका द्या, दरवेळी तिथूनच मोजायचे. वहीत तारीख घाला, शेजाऱ्याची सही घ्या. मे आणि ऑक्टोबरची मोजणी चुकवू नका. विहिरीच्या पाण्याची क्षारता आणि सामूही (पीएच) तपासून घ्या.

तपासणीसाठी मातीचे नमुने 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे वेगळे काढा, खताची ओळ टाळून. अर्धा किलो पुरे. पिशवीवर गट नंबर आणि खोली लिहा. मागच्या खेपेला तपासणीला निम्म्या पिशव्या नावाविना आल्या आणि कुणाची माती कुणाच्या नावावर टाकावी हेच कळेना.